लांब पल्ल्याची ट्रायथलॉन : धावताना कोसळणारा नेमका कुठे बिघडलेला असतो?

अर्धवटराव
फुल डिस्टन्स म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी धावणं. बहुतेक ठिकाणी मुदत १७ तास. कोर्स अवघड असला, म्हणजे ऊन, वारा आणि चढ यांपैकी दोन तरी एकत्र आले, की शेवटच्या २५ किमीत चालणाऱ्यांची रांग लागते. विचारलं की उत्तर ठरलेलं : "पाय गेले."

माझं म्हणणं, पाय तिथे जात नाहीत. ते सायकलच्या पहिल्या दोन तासांत घालवलेले असतात, बिल फक्त धावण्याच्या नावावर फाटतं. समजा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद, २०० वॉट आहे. फुल डिस्टन्सला हौशी माणसाने त्याच्या ६५ ते ७५ टक्क्यांत राहावं, म्हणजे साधारण १४० वॉट. पण टेपर करून, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करून, पाय ताजे झालेले असतात, बाजूने लोक सपासप पुढे जात असतात, आणि १७० वॉट अगदी हलके वाटतात. १७० म्हणजे ८५ टक्के. शरीरातला कार्बचा, म्हणजे कर्बोदकांचा, साठा जेमतेम ४०० ते ५०० ग्रॅम, आणि जोर वाढला की चरबीचा वाटा घटून सगळा भार त्या साठ्यावर येतो.

हे नेहमीच खरं आहे का? तुमची कारणं आणि आकडे द्या. किस्से नकोत, किस्स्यांसाठी आधीच तीन धागे आहेत.

मंद धावक
+१. वाचतोय.

गिअर अकरा
सहमत, फक्त सरासरी वॉटवर जाऊ नका. सरासरी १४० आणि नॉर्मलाइज्ड (जोरातले चढउतार जमेस धरून काढलेला आकडा) १५५ असेल तर तुम्ही १४० ने चालवलेली नाही. प्रत्येक चढावर २२०, उतारावर शून्य, असं करत पाय कुटून काढलेत. नॉर्मलाइज्ड भागिले सरासरी हा आकडा सपाट कोर्सवर १.०५ च्या आत हवा. त्यासाठी चढावर वरची मर्यादा आधीच ठरवायची. एफटीपी २०० असेल तर लांब चढावर १६५-१७० च्या वर जायचं नाही, मग शेजारून कोणीही जाऊ दे.

वाऱ्यात आणखी गोची होते. लोक वॉट सोडून वेग बघायला लागतात. घरी ३० ने चालवायची ठरवलेली सायकल समोरून वारा आला की २५ वर येते, आणि माणूस ते ५ किमी परत मिळवायला जातो. सपाटीवर हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद ३३ टक्के जास्त लागते. ३० ऐवजी ३३ ने गेलात तर १८० किमीत ३३ मिनिटं वाचतात. त्यापायी शेवटचे २५ किमी किमीला ६:३० मिनिटांऐवजी १०:३० च्या पेसने चालावे लागले, तर १०० मिनिटं जातात. करा हिशोब.

खारट
असहमत. निम्म्या वेळा पाय शाबूत असतात, पोट बंद पडलेलं असतं. पोट बंद म्हणजे इंधन बंद, आणि इंधन बंद झालं की पायांना नावं ठेवतात.

जोर लावला की रक्त स्नायूंकडे जातं, उन्हात त्वचेकडेही जातं, आतड्याला उरतं कमी. त्यात लोक करतात काय? ७५० मिलीच्या बाटलीत ९० ग्रॅम कार्ब घोळतात, म्हणजे १२ टक्के. त्यावर पाणी न पिता २५ ग्रॅम कार्बचं जेल (पाकिटातलं घट्ट गोड इंधन). आता पोटात १५ टक्क्यांचा पाक झाला. सोसतं साधारण ६ ते ८ टक्के. त्याहून घट्ट असलं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, उलट आतडंच शरीरातलं पाणी आत ओढून घेतं. पोट डुचमळतं, ढेकर येतात, मग मळमळ. जेल असेल तर त्याच्यासोबत साधं पाणी. एनर्जी ड्रिंक नव्हे.

एकट्या ग्लुकोजचं शोषण तासाला ६० ग्रॅमच्या आसपास थांबतं, कारण त्याची आत जायची वाट एकच. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, म्हणून दोन्ही मिसळले तर ९० पर्यंत जाता येतं. पाकिटावर ग्लुकोज-फ्रुक्टोज २:१ किंवा १:०.८ लिहिलेलं असतं ते हेच. पण ९० चा आकडा वाचून शर्यतीच्या दिवशीच पहिल्यांदा ९० घ्यायचे नाहीत. निदान ६ ते ८ आठवडे लांब राइडला ५० वरून सुरुवात करून वाढवत न्यायचे. आतड्यालाही सराव लागतो.

आणि पोट बंद पडलंच तर आणखी जेल ढकलायचं नाही. आधी वॉट खाली आणायचे. २० वॉट कमी, १०-१५ मिनिटं फक्त साध्या पाण्याचे घोट. ढेकर येऊन पोट हलकं झालं की अर्ध्या जेलने पुन्हा सुरुवात. उलटं केलं तर जे आत आहे ते रस्त्यावर येईल.

ढेकूळ
म्हणजे ही मुळात खाण्याची स्पर्धा आहे, मध्ये मध्ये व्यायाम.

निळी टोपी
ढेकूळ, विनोद म्हणून ठीक, पण पहिल्या शर्यतीपासूनच हे असं आहे. १८ फेब्रुवारी १९७८, हवाईतलं ओआहू बेट. १५ जण उतरले, १२ पोचले. जॉन डनबार सायकल संपवून पुढे होता. त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला, डनबार दुसरा.

ढेकूळ
बिअरमध्ये कार्ब किती टक्के असतात, खारट?

खारट
कार्ब बघू नका, सोबत काय येतं ते बघा. :)

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. "जमेल तितकं प्या" हा सल्ला धोकादायक आहे. घामापेक्षा जास्त साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जातं. बोटं सुजतात, अंगठी-घड्याळ घट्ट होतं, डोकं दुखतं, मळमळतं, पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. सुजलेली बोटं आणि गढूळ डोकं एकत्र दिसलं की पाणी थांबवून सरळ मेडिकल तंबू. आणि दुखतंय म्हणून शर्यतीत आयबुप्रोफेन घेऊ नये. मूत्रपिंडावर ताण येतो आणि हा धोकाही वाढतो.

किती प्यायचं ते मोजून ठरवा. शर्यतीसारख्याच उन्हात एक तास चालवा. आधी आणि नंतर अंग पुसून, कपडे काढून वजन. ६८.० चं ६७.१ झालं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात, तर घाम १.४ लिटर. सगळा भरून काढायची गरज नाही, जमणारही नाही. घामातलं सोडियम माणसागणिक लिटरमागे ४०० ते १५०० मिग्रॅ असतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या गोळ्या मोजून आपल्या ठरवू नका. काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुम्ही वरच्या टोकाचे.

मंद धावक
क्रॅम्प (पेटका) आला की मीठ चाटतात ते मग बरोबर की चूक?

गिअर अकरा
माझ्या मते बहुतेक क्रॅम्प दमलेल्या स्नायूचे असतात. नाहीतर ताण दिल्यावर लगेच सुटले नसते, सोडियम काही ताण देऊन वाढत नाही. शिवाय येतात ते राबलेल्या मांडीला आणि पोटरीलाच, दंडाला नाही.

खारट
पूर्ण मान्य नाही, पण वाद घालत नाही. मीठ कमी पडणाऱ्याला मिठाने फरक पडतो. सगळ्यांना नाही, इतकंच.

पाणकोंबडी
नेहमीप्रमाणे पोहण्याचं कोणी नाव घेत नाही. "वेळेच्या दहा टक्के तर आहे" म्हणतात. पण खारे पाणी गिळून, पहिल्या ४०० मीटरमध्ये हृदयाचे ठोके गगनाला नेऊन बाहेर आलात, तर सायकलचा पहिला तास पोट सावरण्यात जातो. खारट म्हणतात ते पोट बऱ्याचदा इथेच बिघडलेलं असतं.

वेटसूटपासून सुरू करते. बऱ्याच जणांचे खांदे १५०० मीटरनंतर भरून येतात, आणि दोष सूटच्या मापाला देतात. माप ठीक असतं, चढवलेला नीट नसतो. पायात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा. रबर नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरायचं, नाहीतर अर्धचंद्राची चीर पडते. आधी घोट्यापासून वर वर सरकवत सगळी ढील जांघेपर्यंत आणा. तिथे पोकळी राहिली तर ती खांद्यातून ओढली जाते. मग मनगटापासून काखेपर्यंत तेच. हात वर केल्यावर काखेत ताण जाणवला तर कमरेवर चिमूट धरून आणखी दोन बोटं वर. शेवटी मानेला वंगण, विशेषतः ज्या बाजूला श्वास घेता तिथे. मिठाच्या पाण्यात ३.८ किमी कॉलर घासली की धावताना घाम लागल्यावर कळतं.

गॉगलचा पट्टा टोपीच्या आत आणि वरून दुसरी टोपी. लाथ बसली तरी गॉगल जात नाही.

दिशा : दर ६ ते ८ हातांनी एकदा मान वर, फक्त डोळे पाण्याबाहेर. बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसला नाही तर थांबून शोधू नका, पुढच्या खेपेला बघा. न बघता पोहणाऱ्याचे ३.८ चे सहज ४.१ होतात. दुसऱ्याच्या पायांमागे पोहणं नियमात बसतं, सायकलसारखं नाही. फक्त ज्याच्या मागे आहात त्याला दिशा कळते का, तेवढं तपासा.

एक गंभीर गोष्ट. पोहताना दम लागणं आणि घाबरणं वेगळं. उताणं होऊन मिनिटभर तरंगलं की घाबरणं ओसरतं. पण दम वाढतच गेला, छातीत खरखर झाली, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी आली तर फुप्फुसात पाणी साचतंय. हात वर करून लगेच होडी बोलवा. त्या दिवशीची शर्यत संपली, सायकलवर बसायचं नाही.

अर्धवटराव
पाणकोंबडी, शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी वाचावा असा आहे. पाणी किती गरम असलं की वेटसूट चालत नाही?

पाणकोंबडी
संघटनेप्रमाणे आकडे बदलतात. हौशी गटासाठी २४.५ अंशांपर्यंत परवानगी, हा बऱ्याच ठिकाणचा नियम. त्या दिवशीचं तापमान पहाटे जाहीर करतात, म्हणून वेटसूटशिवायचा सरावही हवा.

चेनवाला
तुम्ही सगळे शरीराचं बोलताय. यंत्राचं मी बोलतो.

प्रवासात खोक्यात घातलेली सायकल निघाली की पहिला संशय मागच्या हँगरवर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्यावर. एक-दोन मिलिमीटर वाकलेला असला तरी वरचे दोन गिअर टकटक करतात आणि सर्वात मोठ्या गिअरला डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो. चढावर नेमका तोच गिअर लागतो. सुटा हँगर सोबत ठेवा, आणि तो तुमच्याच फ्रेमचा हवा, सगळ्यांचे वेगळे असतात. एरोबारचे (कोपरं टेकवून वाकायच्या पुढच्या दांड्यांचे) बोल्ट त्यांच्यावर कोरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) घट्ट करून सीट आणि बार यांवर जोराने दाबून बघा. ८० व्या किलोमीटरला बार खाली घसरला की उरलेले १०० किमी कंबर बोंबलते. क्लीटचे (बुटाला पेडलशी अडकवणाऱ्या पट्टीचे) बोल्टही बघा, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आता पंक्चर. खोल रिमवाल्यांनो, सुट्या ट्यूबचा व्हॉल्व्ह किती लांब आहे ते आत्ता जाऊन मोजा. ६० मिमीच्या रिमला ४८ चा व्हॉल्व्ह बाहेर डोकावतही नाही. ट्यूब आहे, हवा भरायचं गॅसचं काडतूस आहे, टायर काढायचा लिव्हर आहे, आणि हवा भरायला तोंडच नाही. व्हॉल्व्ह रिमपेक्षा निदान २० मिमी लांब हवा. व्हॉल्व्ह लांबवणारा एक्स्टेंडर वापरत असाल तर सुट्या ट्यूबला आधीच बसवून ठेवा.

काम कसं करायचं : मागचं चाक असेल तर आधी सर्वात लहान गिअर टाका. डिस्क ब्रेक असतील तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड मिटतात आणि चाक परत बसत नाही. ट्यूब काढली की तिला थोडी हवा भरून भोक कुठे आहे बघा आणि टायरवर त्याच जागी आतून बोट फिरवा, हळूच. काच किंवा तार तिथेच असते. ती न काढता नवी ट्यूब टाकली तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काच शोधू नका, हवा कमी होती म्हणून रिमने चावलंय. नव्या ट्यूबला आधी फुंकून आकार द्या, टायरची शेवटची कड अंगठ्यांनी चढवा, लिव्हरने नाही. चढवल्यावर व्हॉल्व्ह आत ढकलून परत ओढा आणि दोन्ही बाजूंनी टायर दाबत पूर्ण फेरी मारा. ट्यूब कुठे चिमटीत सापडली असेल तर दिसेल. ही फेरी न मारता गॅस सोडला तर धडाम, आणि काडतूस वाया.

मंद धावक
काडतूस की पंप?

चेनवाला
दोन काडतुसं आणि छोटा पंप. २५ किंवा २८ मिमीच्या टायरला १६ ग्रॅमचं पुरतं. उघड्या हाताने धरू नका, बर्फासारखं होऊन बोटाला चिकटतं. तो गॅस रबरातून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी टायर बसलेला दिसला तर घाबरू नका. ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट (टायरमधला भोक बुजवणारा द्रव) सुकलं नाही ना ते बघावं, दोन ते सहा महिन्यांत चिकट दही होतं.

तिसरी पाळी
मूळ विषयाकडे. अर्धवटराव आणि गिअर अकरा दोघेही १४० वॉट म्हणजे १४० वॉट असं धरून चाललेत. थंड दिवशी ठीक. ३५ अंशांत तेच १४० शरीराला जास्त पडतात. रक्त त्वचेकडे जातं, घामाने रक्ताचं प्रमाण घटतं, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून ठोके वाढतात. वॉट तेच, पण पहिल्या तासाला १३२ असणारे ठोके चौथ्या तासाला १४८. पॉवरमीटर म्हणतो सगळं छान आहे. उन्हात वॉटसोबत ठोक्यांचीही मर्यादा ठेवा, आणि आधी जी ओलांडली जाईल ती खरी माना.

यातून अव्वल खेळाडूही सुटत नाहीत. २०१६ ला कोझुमेलला जॉनी ब्राउनली आघाडीवर असताना शेवटच्या काही शे मीटरमध्ये झोकांड्या खायला लागला, भाऊ ॲलिस्टरने त्याला धरून रेषेपर्यंत नेलं. ती तर ऑलिम्पिक डिस्टन्स होती, दोन तासांच्या आतली.

उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. शर्यतीत बर्फ टोपीखाली आणि छातीशी. अंगावर पाणी ओतताना मात्र पुढे वाकून मानेवर ओता. सरळ उभं राहून ओतलं की सगळं बुटात जातं, आणि ओल्या मोज्यात दहा किमीत तळव्याला फोड येतात. टी-२ च्या (सायकल सोडून धावायला निघण्याच्या जागेच्या) पिशवीत मोज्यांचा एक जादा जोड ठेवायला काही वजन पडत नाही.

गिअर अकरा
ठोके कॉफीने वाढतात, जेलमधल्या कॅफिनने वाढतात, घाबरल्यानेही वाढतात. त्यांच्या भरवशावर शर्यत सोडायची?

तिसरी पाळी
पहिल्या अर्ध्या तासाचे धरू नका. त्यानंतरचे धरा. कॅफिनने पाच-सहा ठोके वाढले तर ते दिवसभर चढत जात नाहीत, उष्णतेचे जातात.

नवा भिडू
मध्येच विचारतो, माफ करा. पोहायला १:५० लागतील असं दिसतंय. कट-ऑफमध्ये, म्हणजे टप्प्यांच्या मुदतीत, बसायला सायकल किती वेगाने हवी?

अर्धवटराव
नेहमीचे कट-ऑफ धरू : पोहणं २:२०, सायकल सुरुवातीपासून १०:३०, एकूण १७. तुमच्या शर्यतीचे तपासा, आणि सुरुवात टप्प्याटप्प्याने असेल तर घड्याळ तुमचं स्वतःचं की सगळ्यांचं एक, तेही. १:५० पोहणं, टी-१ ला (पोहणं ते सायकल बदलात) १० मिनिटं, उरले ८:३०. म्हणजे २१.२ चा वेग, पण न थांबता. पंक्चर, लघवी, बाटल्या यांची २० मिनिटं काढा, तर चाक फिरताना २२ हवा. टी-२ ला दहा मिनिटं दिलीत की धावायला ६:२०, म्हणजे बरोबर ९ मिनिटांचा पेस. सगळं चालत ते जमत नाही, पण थोडं धावत थोडं चालत आरामात जमतं. चालायचं ते पाणी-खाणं देणाऱ्या पहिल्या एड स्टेशनपासूनच, प्रत्येक ठिकाणी ३० ते ६० सेकंद, आणि ग्लास हातात घेऊन. पाय संपल्यावर सुरू केलेलं चालणं मग थांबत नाही.

नवा भिडू
धन्यवाद. म्हणजे सायकलवर घाई करायची गरजच नाही!

गिअर अकरा
हेच सव्वाशे ओळी सांगतोय.

अर्धवटराव
आता माझं विधान दुरुस्त करतो. पाय सायकलवर जातात हे अजूनही म्हणेन, पण जास्त वॉट हे एकच कारण नाही. तिसरी पाळी आणि खारट यांचं वाचून असं दिसतंय की घरी थंड सकाळी ठरवलेला आकडा लोक उन्हातही सोडत नाहीत. म्हणून आकड्यासोबत दर ४० किमीला तीन गोष्टी तपासाव्यात : त्याच वॉटला ठोके सुरुवातीपेक्षा १० ने वर गेलेत का, गेल्या दोन-तीन तासांत लघवी झाली का, आणि पुढचं जेल बघून तोंड वाकडं होतंय का. तिन्हींपैकी दोन बिघडली तर १५ वॉट कमी, २० मिनिटं.

गिअर अकरा
१५ खूप होतात. १० ने सुरू करा.

खारट
१५ च ठेवा. १० कमी केलेले कोणी पाळत नाही.

ढेकूळ
चेनवाला, व्हॉल्व्ह मोजला. ४८. रिम ५५. गेली दोन वर्षं ती ट्यूब सीटखाली बांधून फिरतोय.